तिखट कमी आहे म्हणाला

आमचे घरमालक कुणाच्या हातचं पाणीसुद्धा पीत नसत. सोवळ्याओवळ्याचा हा प्रकार नव्हता. सोवळं त्यांनी मोजणीखात्यात नोकरीला असताना खानदेशातल्या कुठल्याशा रानात टाकलं होतं आणि परत उचललं नव्हतं. त्यांचा भरवसा फक्त विस्तवावर. "विस्तवातून माझ्या हातांनी जे काढलं तेवढंच मी खातो," असं म्हणायचे आणि कोटाच्या खिशातून तिखट दाणे काढून एकेक करत तोंडात टाकायचे. लग्नाला गेले तर पानावर बसायचे, यजमानाचं मन मोडू नये म्हणून भाताला बोट लावायचे, आणि पंगत उठली की मांडवाबाहेर उभे राहून आपले दाणे चावायचे.

तो कोट काळ्या लोकरीचा, कुणा साहेबाने उतरवून दिलेला. वैशाखातही अंगावर असायचा. मालक अंगणात आलेले दिसायच्या आधी ऐकू यायचे, कुडुम कुडुम, आणि त्याच्या मागोमाग हिंगाचा वास.

मी लग्न होऊन फणसवाडीत आले तेव्हा अजून लुगडं नीट सावरता येत नव्हतं. चाळ मालकांना मामांकडून मिळालेली. बैठी, कौलारू, मधे अंगण, अंगणात विहीर आणि ओसरीला लाकडी खांब. आमच्या दारासमोरच्या खांबाशी मालकांचं विशेष सख्य होतं. तरण्या बायकांशी थेट बोलायचं नाही, हा त्यांचा नेम. जे सांगायचं ते खांबाला.

"खांबा, आतल्या मंडळींना सांग, खरकटं विहिरीपाशी टाकायचं नाही. माशा होतात."

मी आतून सासूबाईंना सांगायची, सासूबाई दारात येऊन म्हणायच्या, "टाकलंच नाही म्हणते ती."

"खांबा, मग ती शितं काय कावळ्यांनी शिजवली?"

सासूबाईंशी ते सरळ बोलत. वहिनी म्हणत. सासूबाई त्यांना समोर मालक म्हणायच्या आणि पाठीमागे 'मेला राहुटीवाला'. कारण दरसाल दिवाळी झाली की मालक माळ्यावरून एक जुनी राहुटी काढायचे, खुंट्या ठोकून ती अंगणात उभारायचे आणि स्वतःची खोली सोडून थंडीभर तिच्यात राहायचे. गिरगावातले लोक मुद्दाम बघायला यायचे. मुलं बाहेरून कापडावर चिंचोके मारायची. मालक आतून ओरडायचे, "भिंतीत राहून कुजाल सगळे!"

त्यांचं हे असं का झालं ते सासूबाईंनीच मला एकदा गहू निवडताना सांगितलं. मालक मोजणीवर असताना बायको आणि मुलगा माहेरी कोकणात होते. देवळाच्या उत्सवात जेवले, आणि पटकीने एका दिवसात दोघेही गेले. मालकांना कळलं तेव्हा दिवसकार्यही उरकलं होतं. "तेव्हापासून दुसऱ्याच्या चुलीवरचं खात नाही," सासूबाई म्हणाल्या आणि खडा बाजूला टाकला. "आता ह्याला चक्रम म्हणावं तर म्हणवत नाही."

म्हणवत नव्हतं असं नाही. दाणे भाजायच्या दिवशी सगळ्या चाळीकडून म्हटलं जायचं. विहिरीमागे तीन दगडांची चूल मांडून मालक लोखंडी कढईत चौपाटीची वाळू तापवायचे. कोकणातून गलबतावरून आलेले काजूगर, भुईमुगाचे दाणे आणि मिरच्यांची एक गोणपाटाची पिशवी शेजारी असायची. तापल्या वाळूत दाणे पडले की जो तिखट धूर उठायचा, त्याने पाळण्यातल्या पोरापासून खाटेवरच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळे खोकत सुटायचे. मालक स्वतःही खोकायचे, डोळे पुसायचे आणि झारा फिरवत राहायचे. कुणाला त्यांनी त्यातला एक दाणा कधी दिला नाही. "तुमच्याकडे चुली आहेत," म्हणायचे.

मग गाठीचा ताप आला. कुणी पिलेग म्हणे, कुणी मरी. काळबादेवीकडून एकेक घर बंद होत आमच्या दिशेने यायला लागलं. आजारी माणसाला गाडीत घालून इस्पितळात नेत आणि तिथून कुणी परत येत नाही अशी सगळ्यांची समजूत. त्यामुळे लोक ताप लपवत, प्रेतंसुद्धा लपवत. मालक दारोदार फिरून सांगत होते, "चला. उघड्यावर चला. प्रभादेवीला माझ्या ओळखीच्या माणसाची माडांची वाडी आहे, तिथे झोपड्या घालू." कोण ऐकतो! घर सोडून रानात राहायचं, तेही ह्या राहुटीवाल्याच्या नादाने?

आमच्या मोरीत मेलेला उंदीर सापडला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यावर खडखडाट झाला आणि माझ्या चुलीवर ऊन पडलं. त्या चुलीने ऊन कधी बघितलं नव्हतं. वर पाहिलं तर आढ्यावर मालक, कोटासकट. कौलं उचलून अंगणात फेकत होते.

आमचे हे प्रेसमध्ये छपाईचे खिळे जुळवायच्या कामावर होते, तेव्हा निघायच्या घाईत होते. तसेच बाहेर धावले.

"मालक, वेड लागलं का तुम्हाला?"

"उजेड आत जाऊ दे. उजेडात उंदीर राहत नाही."

"आणि आम्ही कुठे राहायचं?"

"तुम्हीही राहू नका. म्हणून तर काढतोय."

ह्यांनी रागाने शिडी धरून हलवली. मालक वरून म्हणाले, "हलव. मी पडलो तर उरलेली कौलं तुझी."

चाळीतले लोक त्यांना सरकारचा माणूस म्हणाले, खुनी म्हणाले. पण छपराशिवाय राहणार कसे? ज्यांना गावी घर होतं ते बोटीने गावी गेले. आम्हाला गावी कुणी नव्हतं. आम्ही आणि आणखी काही बिऱ्हाडं, डोक्यावर गाठोडी घेऊन, ज्याने आम्हाला बेघर केलं त्याच्याच मागून चालत प्रभादेवीला गेलो.

वाडीच्या तोंडाशी कोळीवाड्यातली माणसं उभी होती. पुढे एक थोराड कोळीणबाई, हातात कोयता.

"तुमी शेरातली मानसं. मरी पाठीवर बांधून आलाव. जावा माघारी."

मालकांनी वळकटीतून मोजणीची दोरी काढली, चार बाजूंना खुंट्या ठोकल्या आणि सगळ्या मोकळ्या जागेला दोरीचं कुंपण केलं. मग म्हणाले, "ह्या दोरीच्या बाहेर आमचं माणूस दिसलं तर मला समुद्रात टाका."

"तुला टाकून काय फायदा? म्हावरं पन तोंड लावनार नाय," ती म्हणाली. पण कोयता खाली केला. पुढे पाणी तीच देऊ लागली. दोरीच्या पलीकडून आमच्या घागरीत ओतायची, घागरीला घागर लागू न देता.

झावळ्यांच्या त्या झोपड्यांत पहिले दिवस फार वाईट गेले. वाऱ्याने चूल पेटेना, पेटली तर झावळ्या पेटतील ही भीती. वाणी ह्या बाजूला फिरकेना. पोरं भुकेने रडायला लागली तेव्हा मालकांनी आपला पत्र्याचा डबा उघडला आणि प्रत्येकाच्या ओंजळीत दाणे घातले. मी ते पहिल्यांदाच खाल्ले. आधी खारट, मग नुसते भाजके, आणि गिळून झाल्यावर कुठूनतरी मागून तिखट. त्यावर पाणी प्यालं की बराच वेळ भूक लागत नसे.

"मोजणीवर आम्ही ह्याच्यावर दिवस काढायचो," ते सासूबाईंना म्हणाले. "भांडं नको, चूल नको, नासायची भीती नको. राहुटीतल्या माणसाला दुसरं काय लागतं?"

डबा लवकरच रिकामा झाला. त्यांनी बरोबर आणलेली कच्च्या दाण्यांची पिशवी सोडून कढई लावली, पण कौलं काढताना मनगट मुरगळलं होतं, वाळूतला झारा काही केल्या फिरेना. थोडा वेळ धडपड केल्यावर ते झोपडीच्या बांबूला म्हणाले, "बांबू, ह्या मुलीला विचार, मिरच्यांचं पाणी करायला जमेल का?"

अशी मी ते शिकले. सुक्या मिरच्या, खडेमीठ आणि हिंग पाण्यात उकळायचं आणि फडक्यातून गाळून घ्यायचं. चोथा दाण्याला चिकटला तर वाळूत जळतो आणि कडू लागतो. म्हणून नुसतं पाणी. त्या पाण्यात दाणे बुडवून काढायचे आणि कापडावर सावलीत पसरायचे, उन्हात नाही, उन्हात साल सुटतं. वाळू किती तापली हे बघायचं नाही, ऐकायचं. झारा फिरवल्यावर तिने पाण्यासारखं सळसळलं पाहिजे. दाणे टाकले की हात थांबवायचा नाही. काजूगर मागाहून, कारण ते लवकर लाल होतात. चाळणीतून वाळू झाडली की उघड्यावर गार होऊ द्यायचे.

"बांबू, सांग तिला, गरम दाणे डब्यात भरले तर त्यांना घाम फुटतो. मग ते माणसासारखे मऊ पडतात."

मला हसू आलं. त्या सगळ्या दिवसांत हसू आल्याचं तेवढं एक आठवतं.

ह्यांचं प्रेस चालूच होतं. ते भायखळ्यापर्यंत चालत जायचे आणि पुढे घोड्यांच्या ट्रामने. जाताना उपरण्याच्या टोकाला मी दाणे बांधून द्यायची. आमच्यात बोलणं बेताचंच. सासूबाईंसमोर तर नाहीच. पण संध्याकाळी, मालक पलीकडे कढईशी असले तरी, उपरण्याचं टोक सोडून माझ्याकडे देताना ते म्हणायचे, "तिखट कमी आहे." एवढंच. दुसऱ्या दिवशी मी एक मिरची वाढवायची. संध्याकाळी पुन्हा तेच, "तिखट कमी आहे." नंतर माझ्या ध्यानात आलं की तिखटाशी त्याचा काही संबंध नव्हता.

एके संध्याकाळी ते माडांमधून येताना दिसले ते झोकांड्या खात. डोळे लाल, एक हात अंगापासून दूर धरलेला. काखेत गाठ होती. सासूबाई धावल्या तेव्हा मालकांनी मधे काठी आडवी घातली.

"हात लावू नका, वहिनी."

"माझं पोर आहे ते!"

"म्हणूनच सांगतोय. गाडी बोलावू का रे?"

हे तिथेच खाली बसले. "गाडी नको. मालक, पाया पडतो. गाडी नको."

मालकांनी काठी वाळूत रोवली. मग म्हणाले, "ठीक आहे. पण मग तू माझा. ह्या दोघींनी तुझ्याजवळ यायचं नाही."

केवड्याच्या बनापलीकडे, समुद्राच्या अंगाला त्यांनी आपली राहुटी ठोकली. तिच्याभोवती दुसरी दोरी. ह्यांना तिकडे नेलं आणि स्वतःही आत गेले. मला वाटेवरचा एक दगड दाखवला. सकाळी मी दगडावर उकळलेल्या पाण्याची कळशी आणि डब्यात दाणे ठेवून मागे सरायची. मालक येऊन ते उचलायचे आणि दोरीच्या खुंटीकडे बघून बोलायचे.

"खुंटे, सांग तिला, रात्री झोप लागली होती."

"खुंटे, सांग, ताप आहे पण पाणी पितोय. दाणे चावत नाही, नुसते चघळून टाकतो. तोंडाला चव येते म्हणतो."

तिकडे सासूबाईंना ताप भरला. त्यांच्या अंगावर गाठ नव्हती; उन्हाचा होता की धसक्याचा होता कोण जाणे. पण त्या बरळायच्या, उठून केवड्याच्या बनाकडे जायला निघायच्या, आणि मला त्यांना धरून बसावं लागायचं. मी सकाळी दगडापाशी गेले की मालक आधी विचारायचे, "खुंटे, वहिनींचा ताप?" मी म्हणायची, "आहे." एके सकाळी ते पुढे म्हणाले, "सांग तिला, आज त्याने दाणे मागून घेतले. तिखट कमी आहे म्हणाला."

मला जे वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही. परत आले आणि मिरच्या वाढवल्या.

दुसऱ्या सकाळी पुन्हा, "तिखट कमी आहे म्हणाला." मी इतक्या मिरच्या उकळल्या की गाळताना हाताची आग झाली. त्या दिवशी कोळीणबाई पाणी ओतायला आली ती माझ्याकडे बघेना. एरवी तिचं तोंड चालू असायचं. पाणी ओतलं, मग दोरी ओलांडून आत आली, सासूबाईंच्या उशाशी पेजेचं मडकं ठेवलं आणि तशीच निघून गेली. मला वाटलं, हिची भीती गेली.

पुढच्या सकाळी सासूबाई घामाने भिजून जाग्या झाल्या आणि शुद्धीवर येऊन पाणी मागितलं. मी आनंदाने दगडाकडे गेले. लांबूनच म्हटलं, "उतरला ताप."

मालक खुंटीकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

"मुली," ते म्हणाले, "तो गेला. मी तुला पहिल्यांदा तिखटाचं सांगितलं ना, त्याच्या आदल्या रात्री गेला."

माझ्या हातात डबा होता. मी काय विचारावं? मी विचारलं, "मग दाणे कुणी खाल्ले?"

"मी खाल्ले."

मी डबा त्यांच्या अंगावर फेकला. तो कपाळाला लागला, दाणे दाढीत अडकले, कोटावरून खाली सांडले. ते हलले नाहीत. मी दोरी ओलांडून राहुटीकडे पळाले, आणि ह्या वेळी त्यांनी काठी आडवी घातली नाही. आत काही नव्हतं. खाली चुना पसरलेला, अंथरूण जाळलेलं, आणि कनातीच्या दोरीवर ह्यांचं उपरणं धुऊन वाळत घातलेलं.

त्यांनी त्या रात्री कोळ्यांना हाक मारून सरकारी माणसांना बोलावलं होतं. प्रेत किनाऱ्याच्या वाटेने गेलं. मालक बरोबर गेले, आणि मी दगडापाशी यायच्या आत परत आले. सासूबाईंच्या कानावर गेलं तर त्या वाचणार नाहीत, असं त्यांना वाटलं. "निदान मला सांगायचं," मी ओरडले. ते म्हणाले, "तुझ्या तोंडावरून त्यांना कळलं असतं." ते खरं होतं, आणि त्यामुळेच मला त्यांची आणखी चीड आली.

सासूबाईंना मीच सांगितलं. त्या रडल्या नाहीत. झोपडीच्या दाराशी आलेल्या मालकांना त्यांनी विचारलं, "अग्नी कुणी दिला?"

"मी."

त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला आणि भिंतीकडे वळल्या.

पावसाच्या तोंडाशी आम्ही फणसवाडीत परतलो. मालकांनी कौलं पुन्हा घातली. न्हावी आला आणि माझे केस गेले. त्याआधी मालक सासूबाईंना एकदा येऊन म्हणाले होते, "वहिनी, थोडं थांबा. पोर आहे ती." सासूबाई थांबल्या नाहीत. तेव्हापासून आमच्या दारापुढून जाताना मालक मान खाली घालून जात. खांबाशीही बोलत नसत. आम्ही दोघी शिवणकाम करून राहत होतो. वाडीत लोक म्हणायचे, त्या म्हाताऱ्यामुळे आपली चाळ वाचली. ते खरं असेलही. गेलेल्यांच्या घरात असं बोललेलं बरं वाटत नाही.

काही वर्षांनी त्यांच्या पायांवर सूज आली. पुढे उठवेनासं झालं. त्यांना बघायला कुणी नव्हतं. एक दिवस सासूबाईंनी पेज केली, वाटी पदराखाली झाकली आणि मला म्हणाल्या, "चल." मी मालकांच्या खोलीच्या दारातच उभी राहिले. त्या खाली बसल्या, पेज ढवळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मालक, तुम्ही त्या दिवसांत जे जे सांगत होता, त्यातलं खरं काय होतं?"

मालकांचे डोळे मिटलेले होते. "पाणी प्यायचा ते खरं. तुम्हाला एकदा हाक मारली. बाकी सगळं माझं."

"दाणे मागितल्याचं?"

"त्याला गिळवत नव्हतं, वहिनी."

त्यांच्याशी पुन्हा बोलणार नाही असं मी ठरवलं होतं. पण विचारलं. "माझ्यासाठी काही म्हणाले का?"

त्यांनी डोळे उघडले. मला वाटलं आता काहीतरी सांगतील. त्यांना येत होतं तसं बोलायला. पण त्यांनी मान हलवली. "शुद्ध नव्हती, मुली."

सासूबाई चिडून म्हणाल्या, "अहो, तिला काही तरी सांगायचं होतं!"

"सांगत होतो की," मालक म्हणाले. "तो बोलेना, मग कुणी तरी बोलायला नको का?"

त्यानंतर ते फार दिवस नव्हते. ती हाक तरी खरी होती का, हे त्यांना विचारावं असं माझ्या मनात येत राहिलं, आणि मग विचारायची सोय उरली नाही.

सासूबाई पुढे पुष्कळ जगल्या. शेवटी शेवटी त्यांना काही आठवत नसे, पण तेवढं आठवायचं. दुपारी शिवण बाजूला ठेवून मधेच म्हणायच्या, "मला हाक मारली म्हणे." मी म्हणायची, "हो." मग त्या विचारायच्या, "लहानपणी आये म्हणायचा. नोकरी लागल्यावर आई म्हणायला लागला. तेव्हा कशी हाक मारली असेल गो?"

"आये म्हणाले," मी सांगायची.